संगणकाने औषध शोधले, असे म्हणण्यापूर्वी

विज्ञानावरील लेखांत, विद्यार्थ्यांच्या निबंधांत आणि विज्ञान प्रदर्शनातील तक्त्यांवर अलीकडे एक वाक्य हमखास आढळते : 'पूर्वी नवे औषध शोधायला दहा-पंधरा वर्षे लागत, आता जैवमाहितीशास्त्रामुळे संगणक हेच काम काही दिवसांत करतो.' वाक्य सुटसुटीत आहे, पाठ करायला सोपे आहे आणि परीक्षेत त्याला गुणही मिळतात. त्याचा पहिला भाग बऱ्याच अंशी खरा आहे. दुसरा भाग मात्र तपासून घ्यायला हवा.

तपासणीसाठी प्रामुख्याने क्षयरोगाचे उदाहरण घेऊ. जगातील दर चार क्षयरुग्णांपैकी सुमारे एक आपल्या देशात आहे. नेहमीच्या औषधांना दाद न देणारा क्षय तर आणखी चिवट असतो. अशा रुग्णांना पूर्वी दीड-दोन वर्षे उपचार घ्यावे लागत, त्यांत कित्येक महिने रोज इंजेक्शन असे, आणि त्या इंजेक्शनांमुळे काहींची श्रवणशक्ती कायमची जात असे. म्हणजे नवे औषध खरोखर कोठून येते, हा प्रश्न आपल्यासाठी केवळ पुस्तकी नाही.

अक्षरांची तुलना

जैवमाहितीशास्त्राचा गाभा समजायला अवघड नाही. डीएनएची भाषा चार अक्षरांची आणि प्रथिनांची भाषा वीस अमिनो आम्लांची आहे. दोन जुन्या पोथ्यांत एकच मजकूर थोड्याफार पाठभेदांसह सापडला, तर दोन्ही एकाच मूळ पोथीवरून उतरल्या असाव्यात, असे अभ्यासक मानतात. शिवाय प्रत्येक नकलेत जे शब्द जसेच्या तसे टिकले, ते महत्त्वाचे असावेत असाही अंदाज करता येतो. जीवशास्त्रज्ञ जनुकांच्या आणि प्रथिनांच्या बाबतीत हेच करतात. फरक इतकाच की पोथ्या दोन नसून कोट्यवधी आहेत. म्हणून संगणक लागतो.

मार्गारेट डेहॉफ यांनी १९६५ साली ६५ प्रथिनांचे अनुक्रम एका पुस्तकात एकत्र केले, तेव्हा या शास्त्राचा पाया घातला गेला. प्रथिनांच्या त्रिमिती रचनांचा जागतिक साठा १९७१ साली अवघ्या सात रचनांवर सुरू झाला. १९८२ साली जेनबँक हा डीएनए अनुक्रमांचा साठा उभा राहिला, आणि १९९० साली ब्लास्ट ही आज्ञावली आली. तिच्यामुळे नवा अनुक्रम साऱ्या साठ्याशी झटपट ताडून पाहता येऊ लागला. या साठ्यांतील माहिती कोणालाही विनामूल्य वापरता येते, हेही विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे.

अंदाज खरा ठरतो तेव्हा

प्रथम या शास्त्राचे श्रेय त्याला देऊ. एड्सच्या विषाणूचा जनुकसंच १९८५ साली वाचून झाला. त्यातील एका प्रथिनात ॲस्पार्टिक आम्ल, थ्रिओनिन आणि ग्लायसिन ही तीन अमिनो आम्ले लागोपाठ येतात. हीच तिकडी आपल्या जठरातील पेप्सिन या विकरातही आढळते. त्यावरून हे प्रथिन म्हणजे पेप्सिनसारखे, इतर प्रथिने कापणारे विकर असावे, असा तर्क करण्यात आला.

पण एक अडचण होती. पेप्सिनच्या साखळीत ही तिकडी दोन ठिकाणी असते, विषाणूच्या प्रथिनात मात्र एकाच ठिकाणी. पर्ल आणि टेलर यांनी १९८७ साली सुचवले की विषाणूच्या दोन सारख्या साखळ्या एकत्र येऊन पूर्ण विकर तयार होत असावे. १९८९ साली क्ष-किरणांच्या साहाय्याने या विकराची रचना प्रत्यक्ष उलगडली, आणि तो तर्क बरोबर निघाला. पेप्सिनच्याच कुळातील रेनिन या विकराला अडवणाऱ्या रेणूंवर औषध कंपन्यांत आधीपासून काम चालू होते. ते अनुभव येथे उपयोगी पडले. डिसेंबर १९९५ मध्ये या वर्गातील पहिले औषध, साक्विनाविर, अमेरिकेत मंजूर झाले.

येथे अक्षरांच्या तुलनेने संशोधकांना योग्य दार दाखवले. पण ते दार योग्य आहे याची खात्री क्ष-किरणांनी केली, कुलूप बंद करणारा रेणू रसायनशास्त्रज्ञांनी घडवला, आणि तो माणसाला चालतो की नाही हे रुग्णांवरील चाचण्यांनी ठरवले.

वजाबाकीचे फसलेले गणित

आता दुसरी बाजू. १९९५ साली हीमोफिलस इन्फ्लुएन्झी या जीवाणूचा सुमारे १८ लाख अक्षरांचा जनुकसंच पूर्ण वाचला गेला. स्वतंत्रपणे जगणाऱ्या सजीवाचा हा पहिलाच पूर्ण जनुकसंच. १९९८ साली क्षयाच्या जीवाणूचा सुमारे ४४ लाख अक्षरांचा, चार हजारांच्या आसपास जनुके असलेला संच प्रसिद्ध झाला. आता प्रतिजैविकांचा सुकाळ होणार, असे अनेकांना वाटले.

त्यामागील विचार साध्या वजाबाकीचा होता. जीवाणूची सर्व जनुके घ्या. त्यांतून माणसात असलेली वजा करा. उरलेल्यांतून ज्यांच्यावाचून जीवाणू जगू शकत नाही ती निवडा. त्या जनुकांपासून बनणारे विकर बंद पाडणारा रेणू शोधा, की झाले औषध. वर्गात फळ्यावर मांडले तर कोणालाही पटेल असे हे तर्कशास्त्र आहे.

ग्लॅक्सोस्मिथक्लाइन या कंपनीने १९९५ ते २००१ या काळात हा मार्ग मोठ्या प्रमाणावर अवलंबला आणि २००७ साली त्याचा हिशेब प्रामाणिकपणे प्रसिद्ध केला. तीनशेहून अधिक जनुके तपासली गेली. त्यांतून निवडलेल्या लक्ष्यांवर रेणूंच्या मोठ्या संग्रहांच्या ७० चाळण्या झाल्या. हाती पुढे नेण्याजोगे असे केवळ पाच रेणू लागले आणि बाजारात एकही औषध आले नाही.

चूक कोठे झाली? अक्षरे बरोबर वाचली होती, तुलनाही बरोबर होती. पण परीक्षानळीत विकर बंद पाडणारा रेणू जिवंत जीवाणूत शिरतोच असे नाही. जीवाणूला आवरण असते, आणि आत आलेला परका पदार्थ बाहेर फेकणारे पंपही असतात. शिवाय कंपन्यांच्या संग्रहातील रेणू मुख्यतः मानवी रोगांसाठी जमवलेले होते. जीवाणूत शिरण्यासाठी वेगळ्या गुणांचे रेणू लागतात. 'हे विकर आवश्यक आहे' आणि 'या विकरावर औषध बनू शकेल' ही दोन वेगळी विधाने आहेत, हे त्या वजाबाकीत विसरले गेले होते.

उलट दिशेने आलेले औषध

याच सुमारास क्षयाविरुद्ध एक नवे औषध सापडले, आणि ते जुन्या पद्धतीने सापडले. आज त्याला बेडाक्विलीन म्हणतात. क्षयाचा जीवाणू अतिशय सावकाश वाढतो आणि घातक असतो. म्हणून संशोधकांनी त्याचा लवकर वाढणारा आणि सहसा निरुपद्रवी असा भाऊबंद, मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिस, निवडला. त्याच्या संवर्धनांत हजारो रेणू घालून कोणता रेणू वाढ थांबवतो हे पाहिले. कोणत्या विकरावर हल्ला करायचा, हे आधी ठरवलेलेच नव्हते.

रेणू सापडला; पण तो करतो काय? येथे जैवमाहितीशास्त्र कामाला आले. या रेणूला दाद न देणारे काही जीवाणू प्रयोगशाळेत वेगळे काढले. त्यांचे जनुकसंच वाचून दाद देणाऱ्या जीवाणूंच्या संचाशी अक्षर न् अक्षर ताडले. लाखो अक्षरांत एकाच जनुकातील बदल समान निघाला. ते जनुक एटीपी सिंथेज या विकराच्या एका भागाचे होते. पेशीची ऊर्जा ज्या एटीपी रेणूच्या रूपात खेळते, तो तयार करणारे हे विकर. हे संशोधन २००५ साली प्रसिद्ध झाले.

आता वरील वजाबाकी आठवा. एटीपी सिंथेज माणसातही असते. फळ्यावरील गणिताप्रमाणे हे लक्ष्य पहिल्याच फेरीत बाद झाले असते! प्रत्यक्षात जीवाणूचे आणि माणसाचे एटीपी सिंथेज यांच्यात पुरेसा फरक आहे, आणि बेडाक्विलीनचा मानवी विकरावर फारच थोडा परिणाम होतो. हे संवर्धनातल्या जीवाणूने दाखवले. नंतर संगणकाने त्याचा अर्थ लावला.

त्यानंतरही वेळ लागलाच. अमेरिकेत औषधाला मंजुरी मिळाली डिसेंबर २०१२ मध्ये. त्याचा हृदयाच्या विद्युत्‌ लयीवर परिणाम होऊ शकतो, हे चाचण्यांतून दिसले. कोणत्याही अनुक्रमात ते लिहिलेले नव्हते.

आकृती कळली, पुढे काय?

'हे सारे जुने झाले. आता कृत्रिम बुद्धिमत्तेने चित्र पालटले आहे,' असा आक्षेप कोणी घेईल. त्यात तथ्य आहे. अल्फाफोल्ड या प्रणालीने २०२० सालच्या स्पर्धेत अमिनो आम्लांच्या अनुक्रमावरून प्रथिनांची त्रिमिती रचना पूर्वी कधी न दिसलेल्या अचूकतेने सांगितली. २०२२ सालापर्यंत २० कोटींहून अधिक प्रथिनांच्या अंदाजित रचना सर्वांना खुल्या झाल्या. २०२४ सालच्या रसायनशास्त्राच्या नोबेल पुरस्कारात डेव्हिड बेकर यांच्यासह अल्फाफोल्डचे डेमिस हसाबिस आणि जॉन जम्पर यांचा वाटा होता.

तरी दोन गोष्टी नजरेआड करू नयेत. पहिली, ही प्रणाली शिकली कशावर? प्रयोगशाळांत पन्नास वर्षे स्फटिक वाढवून मिळवलेल्या दीड लाखाहून अधिक रचनांवर. प्रथिनाच्या साखळीला कोणत्या कोनांत वळता येते आणि कोणत्या कोनांत नाही, हे गो. ना. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली मद्रासमध्ये दाखवले होते. रचना विश्वासार्ह आहे का हे तपासायला त्यांचा आलेख आजही वापरतात. दुसरी, आकृती कळल्याने ते प्रथिन अडवल्यास रोगी बरा होईल का, रेणू योग्य जागी पोचेल का, यकृताला इजा होईल का, यांची उत्तरे मिळत नाहीत. औषधे चाचण्यांत बाद होतात ती बहुधा याच प्रश्नांवर.

२०२० सालचेच दुसरे उदाहरण हॅलिसिनचे. संगणकाने आधी माहीत असलेल्या हजारो रेणूंतून जीवाणू मारू शकेल असा एक रेणू सुचवला, आणि उंदरांवरील प्रयोगांत तो खरोखर परिणामकारक ठरला. ही मोठी गोष्ट आहे. पण संगणकाला शिकवण्यासाठी आधी दोन हजारांहून अधिक रेणू जीवाणूंवर प्रत्यक्ष तपासावे लागले होते. आणि उंदीर ते माणूस हा रस्ता संगणकाने छोटा केलेला नाही.

रुग्णापर्यंतचे अंतर

औषध सापडणे आणि ते रुग्णाला मिळणे यांतही अंतर असते. भारतात बेडाक्विलीन मर्यादित स्वरूपात २०१६ साली आले. कंपनीने त्याच्या क्षारस्वरूपावर भारतात आणखी एक पेटंट मागितले होते. ते मिळाले असते तर स्वस्त पर्याय २०२७ पर्यंत अडकले असते. क्षयातून बऱ्या झालेल्या दोघी, एक मुंबईची आणि एक दक्षिण आफ्रिकेची, यांनी त्याला हरकत घेतली. उपचारांत दोघींचीही श्रवणशक्ती गेली होती. मार्च २०२३ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने तो अर्ज फेटाळला. ज्या उपचारक्रमात बेडाक्विलीन आहे, तो आज अनेक रुग्णांसाठी सहा महिन्यांचा आणि इंजेक्शनाविना झाला आहे.

जैवमाहितीशास्त्राचे काम येथेही संपत नाही. या औषधालाही न जुमानणारे जीवाणू आता दिसू लागले आहेत. कोणत्या उत्परिवर्तनामुळे कोणते औषध निकामी होते, याची सूची जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली प्रसिद्ध केली आणि २०२३ साली सुधारली. संवर्धनाची कित्येक आठवडे वाट पाहण्याऐवजी जीवाणूची अक्षरे वाचून योग्य औषध निवडणे त्यामुळे शक्य होते. माझ्या मते या शास्त्राचा क्षयरुग्णाला आज होणारा सर्वांत थेट उपयोग हा आहे. आणि नेमका तोच आपल्या तक्त्यांवर दिसत नाही.

वर्गात करून पाहा

फळ्यावर तीन वाक्ये लिहा. 'गावाबाहेर वडाखाली जुनी विहीर आहे.' 'गावाबाहेर वडापाशी जुनी विहीर आहे.' 'गावाजवळ वडाखाली जुनी विहीर होती.' तिन्ही वाक्ये एकाच मूळ वाक्याच्या नकला आहेत असे समजून न बदललेले शब्द मुलांना शोधायला सांगा. 'जुनी विहीर' हे उत्तर लगेच येईल. हे झाले जैवमाहितीशास्त्र. मग विचारा, 'या विहिरीचे पाणी पिण्याजोगे आहे का?' मुले थोडा वेळ वाक्यांकडेच पाहत राहतील. नंतर कोणीतरी म्हणेल, 'ते तिथे जाऊन, पाणी काढून तपासावे लागेल.' हे झाले उरलेले औषधशास्त्र.

त्यानंतर तक्त्यावरील वाक्य मुलांकडूनच दुरुस्त करून घ्यावे. माझी दुरुस्ती अशी : 'जैवमाहितीशास्त्रामुळे कोठे शोधायचे आणि सापडलेले औषध काय करते हे लवकर कळू शकते; पण ते औषध आहे की नाही, हे जिवंत पेशी, प्राणी आणि शेवटी रुग्ण यांच्यावरील प्रयोगच ठरवतात.' वाक्य थोडे लांब झाले आहे. त्याला पूर्ण गुण द्यायला हरकत नसावी.