युक्तिवादाचा कच्चा दुवा

‘पुढीलपैकी कोणते विधान खरे मानल्यास वरील युक्तिवाद दुबळा होतो?’ स्पर्धा परीक्षांच्या तर्कक्षमतेच्या भागात हा प्रश्न हमखास भेटतो. केंद्रीय लोकसेवा आयोगाने २०११ मध्ये आणि महाराष्ट्राच्या आयोगाने २०१३ मध्ये पूर्वपरीक्षेत कलचाचणीचा पेपर आणला, तेव्हापासून महाविद्यालयीन मुलेही असे प्रश्न घोकू लागली. प्रश्नाचा हा प्रकार आम्हांला आवडतो. तक्रार आहे ती तो घडवण्याच्या आणि शिकवण्याच्या रीतीबद्दल.

नमुना वांद्र्याचाच घेऊ. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मांडवी भागात प्लेगचे निदान केले आणि साथ पसरत गेली. तेव्हाचे वांद्रे मुंबई शहराबाहेर, साष्टीत होते. तिथल्या ख्रिस्ती वस्त्यांनी आळीआळीच्या तोंडाशी क्रूस उभारले. त्यांतले कित्येक आजही जागेवर आहेत. आता समजा, प्रश्न असा रचला : ‘एका आळीत मार्चमध्ये क्रूस उभारून प्रार्थना सुरू झाली. जूनपर्यंत प्लेग ओसरला. म्हणजे क्रूसामुळेच प्लेग हटला.’ पर्याय तीन. (अ) अनेक शिकलेल्या लोकांचा क्रूसावर विश्वास नव्हता. (आ) प्रार्थनेला काही घरे येत नसत. (इ) क्रूस न उभारलेल्या शेजारच्या गावांतही त्याच महिन्यांत प्लेग ओसरला.

हुशार मुलेही (अ) कडे ओढली जातात, कारण ते विधान ‘वैज्ञानिक’ वाटते. पण कोणाचा विश्वास होता किंवा नव्हता, याने प्लेगचे काय बिघडते? युक्तिवाद उभा आहे तो न बोललेल्या एका गृहीतकावर : क्रूस नसता तर प्लेग हटला नसता. त्यावर घाव घालते ते (इ). त्यामागे कारणही आहे. मुंबईत प्लेग हिवाळ्याच्या अखेरीस शिगेला पोचे आणि कडक उन्हाळ्यात ओसरे. उष्ण, कोरडी हवा उंदरावरच्या पिसवांना मानवत नाही.

काही प्रश्नकर्ते चौथा पर्याय घालतात : ‘क्रूसाने रोग हटत नाही.’ हा मात्र शुद्ध आळस. निष्कर्ष नाकारणारे विधानच ‘खरे मानायचे’ ठरवले, की निष्कर्ष आपोआप पडतो. मग युक्तिवाद वाचायचा तरी कशाला? ‘निष्कर्षाच्या उलट बोलणारा पर्याय निवडा’ ही शिकवणीतली युक्ती अशाच प्रश्नांवर पोसली जाते.

दुबळा करणे म्हणजे खोटे ठरवणे नव्हे, हेही वर्गात सांगावे लागते. (इ) मुळे क्रूसाचा काहीच परिणाम झाला नाही, असे सिद्ध होत नाही. मार्च ते जूनचा तो पुरावा तेवढा निकामी होतो. मे महिन्यात त्या क्रूसांपाशी जमून जपमाळ म्हणणाऱ्यांच्या श्रद्धेला यात कोणी हात लावलेला नाही. उलट (इ) लाही दुबळे करता येईल : शेजारची गावे साथीच्या भीतीने आधीच ओस पडली असली तर? हा पुढचा प्रश्न मुलांनाच काढू द्यावा.

आमची मोठी तक्रार वेगळीच आहे. या प्रश्नांत बळी जातो तो नेहमी आपल्याला आधीच न पटणारा युक्तिवाद. पटणाऱ्याला कोणी हात लावत नाही. त्याच साथीत जानेवारी १८९७ मध्ये वाल्डेमार हाफकिन यांनी भायखळ्याच्या तुरुंगात प्लेगची लस टोचली. टोचून घेतलेल्या सुमारे दीडशे कैद्यांपैकी दोघांना प्लेग झाला, दगावले कोणी नाही. न टोचलेल्या सुमारे पावणेदोनशेंपैकी बारा आजारी पडले, सहा दगावले. तुरुंग एक, अन्न एक. म्हणून ही तुलना क्रूसाच्या दाखल्यापेक्षा कितीतरी भक्कम. तरी टोचून घेणारे स्वखुशीने पुढे आले होते. ‘पुढे येणाऱ्यांत धडधाकट तरुणांचा भरणा होता’ हे विधान खरे मानल्यास या युक्तिवादाचे काय होते?

आम्ही चाळलेल्या एकाही प्रश्नसंचात असा प्रश्न नव्हता.