लुटुपुटूच्या कुस्तीतील खरा काळ

वाङ्मयाच्या चर्चेला वाहिलेल्या नियतकालिकात व्यावसायिक कुस्तीचा विचार व्हावा, हे काही वाचकांना विपरीत वाटण्याचा संभव आहे. जिचा निकाल आधीच ठरलेला असतो, जिच्यात ठोसा मारणारा आणि ठोसा खाणारा हे एकमेकांचे सहकारी असतात, त्या खेळाला आपल्याकडे ‘नुरा कुस्ती’ असे तुच्छतेने म्हणतात. कोल्हापूरच्या खासबाग मैदानात निकाली कुस्ती पाहण्याची ज्याला सवय आहे, त्याच्या दृष्टीने तर हा खेळच नव्हे. ही समजूत चुकीची आहे असे मी म्हणणार नाही. तो खेळ नव्हेच. तो प्रयोग आहे. आणि एकदा प्रयोग म्हटले की समीक्षेचा अधिकार तेथे आपोआप पोहोचतो. फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्थ याने 1957 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘मिथॉलॉजीज’ या लेखसंग्रहाचा आरंभच या कुस्तीवरील निबंधाने केला, ही गोष्ट या संदर्भात ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

बार्थचे म्हणणे थोडक्यात असे, की मुष्टियुद्ध ही आपल्या डोळ्यांसमोर आकार घेत जाणारी एक कथा असते. तिच्यात पुढे काय होणार याला महत्त्व असते. कुस्तीचे तसे नाही. तेथे प्रत्येक क्षण स्वयंपूर्ण असतो. वेदना, पराभव, न्याय यांचे एकेक ठसठशीत चित्र क्षणभर उभे राहते आणि मावळते. प्रेक्षकाला मागचे आठवावे लागत नाही, पुढचे ताडावे लागत नाही. सारांश, कुस्तीला काळाची गरज नाही. बार्थपुढे पॅरिसमधील लहानसहान सभागृहांतील कुस्त्या होत्या, आणि त्यांच्यापुरते त्याचे निरीक्षण मार्मिकच आहे. परंतु गेल्या पाव शतकात अमेरिकेतील स्वतंत्र कुस्तीमंडळ्यांनी ‘वर्धापनप्रयोग’ नावाचा जो प्रकार रुजवला, त्याकडे पाहिले म्हणजे बार्थच्या या सिद्धान्ताला मुरड घालावी लागते, असे माझे मत आहे. या प्रयोगांत काळ हा केवळ निमित्त नसतो. तोच मुख्य पात्र असतो. प्रस्तुत लेखात एवढाच मुद्दा मांडावयाचा आहे.

‘स्वतंत्र’ या शब्दाचा अर्थ प्रथम स्पष्ट केला पाहिजे. अमेरिकेत या व्यवसायावर एका प्रचंड धनाढ्य संस्थेचे वर्चस्व आहे. आपला खेळ ही स्पर्धा नसून मनोरंजन आहे, असे त्याच संस्थेने 1989 मध्ये न्यू जर्सी राज्याच्या विधिमंडळापुढे करसवलतीसाठी सांगितले होते. तेव्हा फसवणुकीचा प्रश्न आता उरलेला नाही. या संस्थेच्या छायेबाहेर, शाळांच्या व्यायामशाळांत आणि वस्तीतील सभागृहांत, काही शे प्रेक्षकांपुढे प्रयोग करणाऱ्या ज्या लहान मंडळ्या, त्या स्वतंत्र. मल्लांना बहुधा प्रयोगागणिक बिदागी मिळते. उद्याची शाश्वती कोणालाच नसते. मल्ल नावारूपाला आला की मोठी संस्था त्याला उचलून नेते, आणि मंडळीला पुन्हा नव्याने जोड लावत बसावे लागते. किर्लोस्कर मंडळीतून 1913 मध्ये बालगंधर्व बाहेर पडले तेव्हा त्या मंडळीवर जो प्रसंग गुदरला, तो येथे वर्षाआड गुदरत असतो.

आता वर्धापनाचा विचार करू. आपल्या रंगभूमीवर उत्सव होतो तो प्रयोगसंख्येचा. शंभरावा प्रयोग, पाचशेवा प्रयोग असे आपण मोजतो. कारण नाटक तेच असते आणि ते पुनःपुन्हा उभे राहते. कुस्तीमंडळीजवळ असे कायमचे नाटक नसते. तिचे कथानक दर महिन्याला पुढे सरकते आणि मागचा प्रयोग जसाच्या तसा पुन्हा होत नाही. म्हणून तिला मोजता येतात ती फक्त वर्षे. कॅलिफोर्नियात 2003 मध्ये सहा मल्लांनी मिळून स्थापन केलेली ‘प्रो रेसलिंग गरिला’ ही मंडळी या बाबतीत बोलकी आहे. रिसीडा येथील माजी सैनिकांच्या सभागृहात तिने कित्येक वर्षे प्रयोग केले. तिने आपल्या काही वर्धापनप्रयोगांना ‘सात’, ‘आठ’, ‘अकरा’, ‘सोळा’ अशी निव्वळ आकड्यांची नावे दिली. वरवर पाहता ही थट्टा आहे. पण जिला आज आहे आणि उद्या नाही अशी स्थिती नित्याची, तिने आपला आकडा दारावर लावावा यात थट्टेहून काही अधिक आहे. आम्ही अद्याप आहोत, एवढीच त्या नावांची फलश्रुती.

परंतु टिकून राहणे हे चरित्र झाले. ते नाट्य केव्हा होते? याचे उत्तर ‘रिंग ऑफ ऑनर’ या मंडळीच्या इतिहासात सापडते. फिलाडेल्फिया नगरीत गाजलेली एक बंडखोर मंडळी 2001 मध्ये बुडाली. तिच्या प्रयोगांच्या चित्रफिती विकणाऱ्या व्यावसायिकाजवळ विकण्याजोगे काही उरले नाही, म्हणून नवी मंडळी निघाली. 23 फेब्रुवारी 2002 रोजी त्याच नगरीतील एका सार्वजनिक क्रीडागृहात तिचा पहिला प्रयोग झाला. उगम इतका व्यवहारी असूनही मंडळीने स्वतःला एक आचारसंहिता घालून घेतली होती. कुस्तीच्या आधी आणि नंतर प्रतिस्पर्ध्यांनी हस्तांदोलन करावयाचे. त्या रात्रीच्या अखेरच्या तिरंगी कुस्तीत लो-की, ब्रायन डॅनियलसन आणि क्रिस्टोफर डॅनियल्स हे तिघे होते. लो-की जिंकला. डॅनियल्सने हस्तांदोलन नाकारले, आणि पहिल्याच रात्री मंडळीला तिचा खलनायक मिळाला.

पुढील वर्षांचे वर्धापनप्रयोग सारखेच सरस होते असे नाही. 2004 चा दुसरा वर्धापनप्रयोग एक नवे विजेतेपद सुरू करण्यासाठी योजला होता. अशा प्रयोगात उत्सव असतो, नवलाई असते, परंतु काळाचा दाब नसतो. तो कोणत्याही महिन्यात झाला असता तरी चालले असते. 2007 च्या पाचव्या वर्धापनाची गोष्ट निराळी. त्या वेळी मंडळीने एकाऐवजी सहा प्रयोगांची मालिका लावली. न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, डेटन, शिकागो असा प्रवास करून ती मार्चच्या आरंभी इंग्लंडात लिव्हरपूल येथे दोन प्रयोगांनी संपली. या मालिकेत समोआ जो हा मल्ल निरोप घेत होता. मार्च 2003 पासून डिसेंबर 2004 पर्यंत, म्हणजे एकवीस महिने, मंडळीचे विजेतेपद त्याच्याकडे होते, आणि त्या पट्ट्याला जी प्रतिष्ठा आली ती बव्हंशी त्याच्यामुळे. शेवटच्या रात्री त्याच्यासमोर होमिसाइड हा त्याचा जुना प्रतिस्पर्धी होता. वर्धापनाच्या समारंभातच मंडळीने आपल्या आधारस्तंभाला निरोप द्यावा, ही योजना विचार करण्यासारखी आहे. आपण काय मिळवले हे सांगताना आपण काय गमावत आहोत तेही प्रेक्षकासमोर ठेवावे लागले. करुणाची ही किनार नसती तर त्या सहा प्रयोगांत पराक्रमाची यादी तेवढी उरली असती.

या प्रकाराचे सर्वांत परिपक्व उदाहरण मात्र पंधराव्या वर्धापनाचे. 10 मार्च 2017 रोजी लास व्हेगास येथे क्रिस्टोफर डॅनियल्सने ॲडम कोलचा पराभव करून मंडळीचे सर्वोच्च विजेतेपद प्रथमच मिळवले. हा डॅनियल्स म्हणजे पहिल्या रात्री हस्तांदोलन नाकारणारा तोच. मधल्या काळात तो अन्यत्र गेला, परत आला, जोडीच्या कुस्त्यांतील पदे त्याने मिळवली. परंतु मुख्य पट्टा कधी त्याच्या वाट्याला आला नव्हता. आता तो शेहेचाळीस वर्षांचा होता. निकाल आधी ठरला होता, हे प्रत्येक प्रेक्षकाला माहीत होते. मग भरून येण्यासारखे त्यात काय होते? ठरलेल्या निकालामागे न ठरवता आलेली पंधरा वर्षे उभी होती. लेखक निकाल लिहू शकतो. त्या शरीराचे वय तो लिहू शकत नाही. उडी घेताना किंचित जड झालेला गुडघा, श्वास परत मिळवण्यासाठी घेतलेला अधिक अवधी, हे अभिनयात मोडते की वास्तवात, हे सांगणे अशक्य होते. भट्टनायकाने साधारणीकरणाचा जो व्यापार सांगितला, त्यात व्यक्तीचे विशेष गळून जातात आणि भाव सर्वांचा होतो. येथे व्यक्तीचे विशेष जराही गळत नाहीत. किंबहुना, ‘हाच तो माणूस, हीच ती मंडळी’ या ओळखीवाचून रसनिष्पत्तीच होत नाही. आपल्या रसचर्चेला या प्रकाराने विचारलेला हा खरा प्रश्न आहे.

या प्रयोगाची रचना निर्दोष मात्र नव्हती. डॅनियल्सचा जुना साथीदार फ्रँकी कझारियन काही काळ आधी त्याला सोडून विरोधी टोळीत गेल्याचे दाखवले होते. ऐन कुस्तीत ती फितुरी लटकी असल्याचे उघड झाले आणि त्याने मित्राला साह्य केले. ‘मुद्राराक्षस’ शिकवणाऱ्या अध्यापकांना येथे चाणक्य आणि चंद्रगुप्त यांच्या कृतककलहाचे स्मरण झाल्यावाचून राहणार नाही. परंतु विशाखदत्ताच्या नाटकात तो कलह राक्षसाला जाळ्यात आणण्यासाठी अपरिहार्य आहे. तो काढला तर नाटक कोसळेल. येथे तो काढला असता तर विजय अधिक निखळ झाला असता. पंधरा वर्षांचे ओझे ज्या क्षणावर तोललेले आहे, तेथे युक्तीचा टेकू द्यावा लागणे म्हणजे त्या ओझ्यावर लेखकाचा पुरता विश्वास नसणे होय. काळ पात्र म्हणून रंगमंचावर आला असताना संविधानकाने थोडे मागे सरावे, हा धडा या दोषातून मिळतो.

तुलनेसाठी मेक्सिकोकडे पाहावे. ती संस्था स्वतंत्र मंडळ्यांच्या वर्गातील नव्हे. साल्वादोर लुत्तेरोथने 1933 च्या सप्टेंबरात स्थापिलेली ही मंडळी जगातील सर्वांत जुन्या कुस्तीसंस्थांपैकी असून तिचा वर्धापनप्रयोग दर सप्टेंबरात होतो. तेथील परंपरेत मल्ल मुखवटा पणाला लावतो. हरला तर तो सर्वांसमक्ष उतरवावा लागतो आणि पुन्हा चढवता येत नाही. 2014 च्या वर्धापनप्रयोगात आत्लांतिसने उल्तिमो गेरेरोचा मुखवटा असाच उतरवला. येथेही निकाल ठरलेला असतो, पण त्याचा परिणाम परत फिरवता येत नाही. मेक्सिकन मंडळीने जे विधीच्या रूपाने साधले, तेच अमेरिकन स्वतंत्र मंडळ्यांना निरोप आणि वार्धक्य यांच्या द्वारे साधावे लागते. दोहोंतील समान सूत्र असे, की वर्धापनाच्या दिवशी पुसून टाकता न येणारे काहीतरी घडले पाहिजे. जेथे ते घडत नाही, जुने चेहरे बोलावून फक्त टाळ्या घेतल्या जातात, तेथे प्रयोग स्मरणिकेच्या पातळीवर उतरतो. आपल्या संस्थांच्या वर्धापनसमारंभांना उपस्थित राहिलेल्या वाचकांना हा भेद अधिक विस्ताराने सांगण्याची आवश्यकता नाही.

यावर एक गंभीर आक्षेप येऊ शकतो. ज्या वयाचे आणि जडावलेल्या गुडघ्यांचे आपण सौंदर्य म्हणून वर्णन करतो, ते कोणाचे तरी झिजलेले शरीर असते. त्या झिजेवर तिकीट लावणे कितपत सभ्य आहे? हा आक्षेप खोडून काढता येत नाही, आणि काढूही नये. नाटकातील नटाचे मरण पडद्यामागे पुसले जाते. मल्लाच्या पाठीवरचा आघात, कितीही बेताने दिलेला असो, पाठीतच राहतो. भरताने युद्ध आणि मरण ही अंकात प्रत्यक्ष न दाखवता प्रवेशकातून सुचवावीत असे सांगितले, त्यामागील विवेक येथे आठवतो. म्हणून या प्रयोगांचा आस्वाद घेताना समीक्षकाने एक जाणीव सोडता कामा नये: येथे आपण जे खरे म्हणून वाखाणतो, त्याची किंमत दुसरा कोणी मोजत असतो. प्रेक्षकही हे जाणतो. त्याच्या प्रेमात कृतज्ञतेचा अंश असतो तो यामुळेच.

‘रिंग ऑफ ऑनर’चा पुढचा इतिहास या विवेचनाला पूरक आहे. 2011 मध्येच ती एका प्रक्षेपणसंस्थेच्या मालकीची झाली होती. तेव्हापासून ‘स्वतंत्र’ हे विशेषण तिला जपूनच लावावे लागते. मार्च 2020 मध्ये योजलेला अठरावा वर्धापनप्रयोग महामारीमुळे रद्द झाला. एकोणिसावा मार्च 2021 मध्ये बाल्टिमोर येथे झाला, पण सभागृहात प्रेक्षक नव्हते. त्याच वर्षाच्या अखेरीस मल्लांचे करार संपवून मंडळीने काम थांबवले, आणि मार्च 2022 मध्ये तिच्या विक्रीची घोषणा झाली. प्रयोग पुन्हा सुरू झाले ते एप्रिलात, नव्या धन्याच्या हाताखाली. म्हणजे पहिल्या रात्रीला वीस वर्षे पूर्ण झाली त्या फेब्रुवारीत मंडळीचा प्रयोगच नव्हता. विसावे वर्ष आले आणि ते साजरे करावयास मंडळी जागेवर नव्हती.

बार्थने पाहिलेल्या कुस्तीत असा रिकामा दिवस कोणाला जाणवलाच नसता. कारण तेथे प्रत्येक क्षण आपापल्यापुरता पुरा होता. येथे तो जाणवला. वीस वर्षे ज्यांनी मोजली होती, त्यांना त्या दिवशी काय व्हावयास हवे होते हे ठाऊक होते.