चाळीस पट झूम आणि सीवूड्सचे फ्लेमिंगो

सीवूड्सच्या डीपीएस तलावाकाठी पक्षी लांब असतात. अशा जागी कॅननचा पॉवरशॉट एसएक्स ७४० कितपत उपयोगी? वजन २९९ ग्रॅम, झूम ४० पट, म्हणजे २४ ते ९६० मिमी. खिशात मावतो, सकाळच्या उजेडात फ्लेमिंगोची वाकडी चोच नीट टिपतो. पण पूर्ण झूमवर अ‍ॅपर्चर एफ/६.९ आणि सेन्सर नखाएवढा. सांज झाली की आयएसओ चढणार, पिसं पुसट होणार. रॉ फाइलही मिळत नाही, मग नंतर सावरायचं कशाच्या जोरावर? व्ह्यूफाइंडर नाही, ही उन्हातली अडचण वेगळीच. दुपारी तापलेली हवा चित्रात थरथरते, तो दोष मात्र कॅमेऱ्याचा नव्हे.

तरी आम्ही याला नापास करणार नाही. मोठ्या प्रिंटसाठी हा नाहीच. पण काठावरूनच पक्षी मिळतो, चिखलात उतरून थवा उडवावा लागत नाही. हौशी माणसाकडून आम्हाला तेवढीच अपेक्षा आहे.