‘अनुभवामृता’तील प्रेमतत्त्व आणि देहाचा प्रश्न

ज्ञानदेवांच्या ‘अनुभवामृता’ची चर्चा बहुधा एकाच प्रश्नाभोवती होत आली आहे. ज्ञानदेव हे शांकर अद्वैताचे अनुयायी होत, की एका स्वतंत्र मताचे प्रवर्तक? शं. दा. पेंडसे यांनी पहिला पक्ष साक्षेपाने मांडला. पांडुरंगशर्मा आणि भा. पं. बहिरट यांनी दुसऱ्या पक्षाचा पुरस्कार केला. या वादाचे केंद्र साहजिकच सातवे प्रकरण, म्हणजे अज्ञानखंडन, हे राहिले. दहा प्रकरणांच्या आणि सुमारे ८०० ओव्यांच्या या ग्रंथात तृतीयांशाहून अधिक भाग या एका प्रकरणाने व्यापला आहे, हे लक्षात घेता तसे होणे अस्वाभाविक नव्हे. परंतु त्यामुळे ६४ ओव्यांचे पहिले प्रकरण केवळ मंगलाचरण ठरून मागे पडले. ग्रंथाचा सिद्धान्त वस्तुतः तेथेच मांडला गेला आहे आणि पुढील खंडन हा त्या सिद्धान्ताचा परिणाम आहे, असे दाखविता येते.

पहिल्या प्रकरणाचा विषय शिवशक्तीचे ऐक्य हा आहे. हे ऐक्य ज्ञानदेव दांपत्याच्या रूपाने वर्णितात. प्रियकर स्वतःच प्रेमाच्या भरात प्रेयसी होतो. दोघांचे अन्न एक, आसन एक. आणि एकाविना दुसऱ्याचे अस्तित्व संभवत नाही. पतीच्या अरूपपणाची लाज वाटून पत्नी त्याला विश्वाएवढा नामरूपाचा अलंकार चढविते, ही कल्पना या प्रकरणाचा कळस होय. येथे नामरूप हे आवरण नाही, भ्रमही नाही. ते लेणे आहे. आवरण सत्य झाकते, भ्रम सत्याच्या जागी असत्य दाखवितो. लेणे मात्र ज्याच्या अंगावर चढते त्याचीच शोभा प्रकट करते. देह हा नामरूपाचाच अंश असल्यामुळे देहाविषयीचा निर्णयही या एका कल्पनेत सूचित झाला आहे.

हे सारे कविसंकेत आहेत, त्यांतून तत्त्वनिर्णय काढू नये, असा आक्षेप संभवतो. त्याचे उत्तर दृष्टान्तांच्या घडणीतच मिळते. दोन डोळ्यांची एक दृष्टी, दोन ओठांतून निघणारा एक शब्द, गूळ आणि त्याची गोडी, कापूर आणि त्याचा परिमळ, असे हे दृष्टान्त आहेत. रज्जुसर्पाच्या दृष्टान्तात ज्ञान होताच सर्प नाहीसा होतो. द्वैताचा बाध हेच त्याचे प्रयोजन असते. दृष्टीचे एकत्व कळल्यावर डोळे मात्र नाहीसे होत नाहीत. येथे दोनपणाला स्वतंत्र सत्ता दिलेली नाही आणि त्याचा बाधही केलेला नाही. दोनपण हे एकपणाच्या भोगाचे रूप ठरते. असा संबंध सांगण्यासाठी दांपत्यप्रेमाइतकी समर्पक प्रतिमा दुसरी नाही. म्हणूनच ती येथे अलंकार न राहता प्रमेय झाली आहे.

एवढे मान्य केले म्हणजे सातव्या प्रकरणाचा युक्तिवाद वेगळ्या प्रकाशात दिसू लागतो. अज्ञान आत्म्याच्या ठायी राहते म्हणावे, तर ज्ञानरूप वस्तूत त्याला जागा नाही. ते आपल्या आश्रयाला खरोखरच अज्ञानी करते म्हणावे, तर ‘हे अज्ञान आहे’ हे जाणणारा कोणी उरत नाही. हा तर्क तीक्ष्ण आहे. पण त्याच्यामागील प्रेरणा केवळ तार्किक नाही. जो दुजेपणा प्रेमातून उमलला आहे, त्याच्या उपपत्तीसाठी अज्ञानाची गरजच काय, असा तो प्रश्न आहे. द्रष्टा स्वतःच दृश्य होऊन स्वतःला पाहतो, हा प्रकरणाचा निष्कर्ष पहिल्या प्रकरणातील प्रियकराच्या प्रेयसी होण्याचेच ज्ञानाच्या परिभाषेतील रूपांतर होय.

पाचव्या प्रकरणाशी याची तुलना उद्बोधक ठरते. सत्, चित् आणि आनंद ही तीन पदे तेथे असत्, जड आणि दुःख यांच्या निषेधापुरतीच स्वीकारली आहेत. कांती, काठिण्य आणि सोने मिळून जसे एकच सोने, तशी ती एकाच वस्तूची नावे होत. आणि अखेरीस तीही मागे सरतात. प्रेम मात्र या यादीत चौथे पद म्हणून कोठेही येत नाही. याचा अर्थ त्याचे स्थान गौण आहे असा नव्हे. लक्षण म्हटले की त्याचा निषेध संभवतो. प्रेम हे चैतन्याचे लक्षण नसून चैतन्याचे वर्तन आहे, म्हणून ते निषेधाच्या कक्षेतच येत नाही.

या वर्तनाचे फळ नवव्या प्रकरणात दिसते. जीवन्मुक्ताच्या ठायी सुगंधच नाक होतो, शब्दच कान होतो. इंद्रिये विषयांकडे धावली तरी भोग्य आणि भोक्ता हा भेद उमटत नाही. एकाच डोंगरातून देव, देऊळ आणि परिवार कोरून काढावा, तशी येथली भक्ती अद्वैतातच नांदते. देहापलीकडे जाणे याचा अर्थ येथे देह टाकणे असा नाही. देहावरील मालकी तेवढी सुटते.

तथापि या भूमिकेच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. विश्व हे प्रेमाचे लेणे असेल, तर सामान्य जीवाला ते बेडीसारखे का जाणवते? अज्ञान मुळातच नसेल, तर दुःखाची उपपत्ती काय? या प्रश्नांना ग्रंथात विस्तृत उत्तर नाही. शके १२१२ मधील ‘भावार्थदीपिके’त ज्ञानदेव माया व अज्ञान यांची परिभाषा मोकळेपणाने वापरतात, कारण तेथे श्रोता साधक आहे. येथे बोलणे सिद्धाच्या भूमिकेवरून आहे. पेंडसे यांच्या पक्षाला बळ मिळते ते नेमके या ठिकाणी. दोन्ही ग्रंथांना एकाच साच्यात बसविण्याचा आग्रह मात्र दोहोंवर अन्याय करणारा ठरेल.

तरीही ‘अनुभवामृत’ दुःखाविषयी अगदीच मौन बाळगते असे नाही. ग्रंथाची शेवटची ओवी या अमृताने सगळ्या विश्वाचा सण साजरा व्हावा, अशी इच्छा व्यक्त करते. दहावे प्रकरण ग्रंथपरिहाराचे आहे. सांगण्यासारखे काही उरले नाही हे मान्य करूनही ज्ञानदेव बोलतात, ते वाटून देण्यासाठी. अज्ञानाचे खंडन करणारा हा ग्रंथ अज्ञान्यांना दूर लोटत नाही. त्यांना पंक्तीला बसवितो. त्याच्या प्रेमतत्त्वाची खरी कसोटी या पंक्तीतच आहे, सिद्धान्ताच्या नामाभिधानात नाही.