ताडपत्रीखालची वास्तुकला

गेल्या जुलैत लोणावळ्यातल्या एका रिसॉर्टात आम्हा आर्किटेक्ट मंडळींचं दोन दिवसांचं चर्चासत्र होतं. विषय होता 'हवामानाला साजेशी वास्तुरचना'. सभागृहाचे पडदे ओढलेले, एसी अठरावर, आणि समोर स्लाइडवर राजस्थानातल्या कुठल्याशा इमारतीच्या जाळीतून गाळून येणारं ऊन. बाहेर पाऊस असा लागला होता की पार्किंगमधली गाडी दिसत नव्हती. लॉबीच्या एका कोपऱ्यात छत ठिबकत होतं आणि हाउसकीपिंगच्या पोराने त्याखाली पिवळी बादली आणून ठेवली होती. चहाच्या सुट्टीत शंभर-सव्वाशे आर्किटेक्ट त्या बादलीला वळसा घालून समोशांकडे गेले. वर मान करून कुणी पाहिलं नाही. मीही नाही. बादलीला पाय लागून पाणी सांडलं, तेव्हा पाहिलं.

आर्किटेक्टांचा 'व्यावसायिक विकास' म्हणून जो प्रकार चालतो, त्याचं लोणावळा हे लाडकं ठिकाण. मुंबईकरांना जवळ, पुणेकरांना त्याहून जवळ. एक्सप्रेसवेवरून उतरलं की खोल्या, जेवण, सभागृह, रात्रीची गाणी सगळं एका फाटकाच्या आत. मावळात येऊन मावळ न बघता परत जायची सोय इथे फार चोख आहे. माझी तक्रार या सोयीबद्दलच आहे.

एकत्र जमून शिकायची हौस आमच्या धंद्यात जुनी. १२ मे १९१७ रोजी मुंबईत सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांमधून आर्किटेक्चरल स्टुडंट्स असोसिएशन निघाली. अध्यक्ष होते जॉर्ज विटेट, गेटवे ऑफ इंडियावाले. १९२२ मध्ये तिची बॉम्बे आर्किटेक्चरल असोसिएशन झाली आणि १९२९ मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स. नाव दोनदा बदललं आणि पहिल्याच खेपेला त्यातला 'स्टुडंट्स' गळाला. शिकणाऱ्यांनी काढलेली संस्था शिकून झालेल्यांची झाली. पुढे १९७२ चा आर्किटेक्ट्स अ‍ॅक्ट आला, कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर आली, आणि आज तिच्या नोंदवहीत लाखाच्या वर नावं आहेत. या कौन्सिलचं प्रशिक्षण आणि संशोधन केंद्र पुण्यातच आहे, म्हणजे तळेगावकराला हाकेच्या अंतरावर. पुण्यात इन्स्टिट्यूटची शाखा आहे, आर्किटेक्ट-इंजिनियर-सर्व्हेअर यांची मिळून 'एसा' आहे, कॉलेजं तर चिक्कार. जमायला जागा नाहीत असं कुणी म्हणू नये.

जमून करायचं काय, हा प्रश्न. इंग्लंडात 'रिबा'च्या, म्हणजे रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ ब्रिटिश आर्किटेक्ट्सच्या, सभासदाला वर्षाला ३५ तास शिकल्याचा हिशेब द्यावा लागतो. हे सांगितलं की आमच्यातले काही जण हळहळतात, काही हसतात. तास मोजायला माझी हरकत नाही. त्या तासांत काय भरतं ते बघावं. माझ्या गेल्या दहा-बारा वर्षांच्या हजेरीत बहुतेक तास प्रायोजकाच्या खिशात गेले. वॉटरप्रूफिंगचं रसायन, टाइल, नळ, काच. कंपनीचा माणूस वीस मिनिटं बोलतो, मग आपल्यातलाच कुणी स्वतःच्या कामाचे फोटो दाखवतो, मग जेवण. यात पाप काही नाही, कंपनीने जेवण घातलं नाही तर सभागृहाचं भाडं कोण भरणार? पण ज्या सत्रात वॉटरप्रूफिंगवाला प्रायोजक आहे, तिथे 'छपराला उतार नीट दिला तर हे रसायन लागणारच नाही' असं म्हणायची माझी तरी छाती झाली नाही.

दुसरा प्रकार नियमावलीचा. डिसेंबर २०२० मध्ये राज्याची एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली आली, जिला सगळे यूडीसीपीआरच म्हणतात, आणि तिच्यावरच्या कार्यशाळांना उभं राहायला जागा नसे. त्या खरोखर उपयोगी होत्या. एफएसआय, प्रीमियम, टीडीआर, समास यांचा जो गुंता आधी प्रत्येक नगरपरिषदेत वेगळा होता, तो तिथे सुटला. एकास पाचपेक्षा जास्त चढावर बांधकाम करायचं नाही, हेही तिथे सांगितलं गेलं. मात्र पावसाचे चार महिने त्या चढाच्या पोटात काय चालतं, पाणी कुठून शिरतं, माती कुठे सुटते, हे कुणी सांगितलं नाही. अशा वेळी एखाद्या भूशास्त्रज्ञाला बोलवावं, हे आम्हाला सुचत नाही.

हा प्रश्न पुस्तकी नाही. ३० जुलै २०१४ ला याच पुणे जिल्ह्यात दरडीखाली माळीण गाव गाडलं गेलं. १९ जुलै २०२३ च्या रात्री बोरघाट उतरल्यावरच्या खालापुरात इर्शाळवाडी तशीच गेली. खाली इंद्रायणीकाठी चिखलीत निळ्या पूररेषेतले ३६ बंगले मे २०२५ मध्ये पाडले गेले. त्यांचे नकाशे कुणीतरी काढलेच असतील ना? महिन्याभरात, १५ जूनला, मावळातच कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल पर्यटकांसह इंद्रायणीत कोसळला आणि चौघे गेले. त्यानंतर मी दोन संमेलनांना गेलो. एकात 'लक्झरी व्हिला' हा विषय होता, दुसऱ्यात कृत्रिम बुद्धिमत्ता.

आणखी एक गोष्ट आम्ही फारशी बोलत नाही. १७ मार्च २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की १९७२ चा कायदा 'आर्किटेक्ट' ही उपाधी राखून ठेवतो, इमारती आखायचं काम नाही. नाव आमचं, काम सगळ्यांचं. आमच्या मंडळींना तो निकाल झोंबला. पण वडगाव, कामशेत, पवनानगर या पट्ट्यात फिरून बघा: घरं उठतात ती गवंडी, ठेकेदार, फार तर परवानाधारक इंजिनियर यांच्या हातून. यांच्यासाठी कसला व्यावसायिक विकास आहे? सिमेंट कंपनीचा वर्षातून एक मेळावा आणि एक टोपी. आमच्या सत्रात गवंडी मी कधी पाहिला नाही. मावळचा माणूस सभागृहात असतो तो चहाचा ट्रे घेऊन.

आता ज्या सभागृहात आम्ही बसलो होतो तिथून दहा-बारा किलोमीटरवर कार्ल्याचं चैत्यगृह आहे. खडकात कोरलेल्या चैत्यगृहांत देशातलं सगळ्यात मोठं, दोन हजार वर्षांपूर्वीचं. आत गेलं की पहिल्यांदा डोळे वर जातात: कमानदार छताला लाकडाचे वासे आहेत, आणि ते मूळचे आहेत. अख्खं छत एकसंध पाषाणाचं, त्याला वाशांच्या आधाराची काडीचीही गरज नाही. तरी बसवले, कारण तोवर सभामंडप म्हणजे लाकडाचा, हे हातांत इतकं मुरलेलं होतं. त्याहून जुन्या भाज्यात तर खांबच किंचित आत कलते कोरले आहेत, लाकडी खांब तोल धरायला कलते रोवावे तसे. सुतारकाम पाथरवटाच्या छिन्नीत उतरताना काय टिकतं आणि काय नुसतं सवयीने येतं, याचा धडा इथे भिंतीवरच आहे. आम्ही 'मटेरियल ट्रान्झिशन'वर परदेशी वक्ता बोलावतो.

कार्ल्यात शिलालेखही पुष्कळ आहेत. वैजयंतीचा भूतपाल श्रेष्ठी म्हणतो की हे शैलगृह जंबुद्वीपात उत्तम आहे. आमच्या पुरस्कारांची प्रशस्तिपत्रं याच घराण्यातली. पण मला ओढ आहे ती दुसऱ्या एका लेखाची. धेनुकाकटाचा सामी, वेणुवासाचा मुलगा, धंद्याने वढकी, म्हणजे सुतार. दरवाजाचं काम आपण केलं, एवढंच तो सांगतो. शेठ, भिक्षू, यवन दाते यांच्या रांगेत एका कारागिराचं नाव, बापाचं नाव, गाव आणि काम. आजच्या कुठल्या बंगल्यावर सुताराचं नाव असतं? मासिकाच्या अंकात बंगला छापून येतो तेव्हा नाव फोटोग्राफरचं असतं.

पवन मावळात एका सुतारबाबांकडे माझं जाणं-येणं आहे. वय सत्तरीच्या पुढे, काम आता हौसेपुरतं. पहिल्या भेटीत मी त्यांना माझ्या एका बंगल्याचं चित्र दाखवलं होतं, भिंतीच्या रेषेत कापलेलं छप्पर, कुठे काही बाहेर डोकावत नाही असं. त्यांनी चित्र उलटसुलट करून पाहिलं. "याची वळचण कुठंय?" मी म्हटलं, "ठेवली नाही, रेषा स्वच्छ दिसते." ते काही बोलले नाहीत. उठून स्वतःच्या घराच्या भिंतीला पाठ लावून उभे राहिले, हात सरळ पुढे केला आणि बोटांच्या टोकाच्या पलीकडे थोडी जागा डोळ्यांनीच दाखवली. "पागोळी इथं पडाय पायजे. जोत्याच्या भायेर. आन् मावळतीला याच्याबी जास्ती, झड तिकडनं येती." मग पश्चिमेची पडवी दाखवली. तिथे सरपण रचलेलं, त्याच्यापुढे कारवीचा शेणाने लिंपलेला कूड. पाऊस आधी कुडाला, मग सरपणाला, मग उरला तर भिंतीला. भिंत कोरडी होती. माझ्या शिक्षणाची पाच वर्षं आणि पुढची पंधरा यांत हा 'मावळतीचा' हिशेब मला कुणी शिकवला नव्हता.

त्यात मावळात पाऊसही एक नाही. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि तासाभराच्या अंतरावरच्या तळेगावात त्याच्या निम्माही नाही. पूर्वी घरांचे उतार या पावसाबरोबर बदलत जात. आज खंडाळ्यापासून सोमाटण्यापर्यंत एकच बंगला दिसतो.

मात्र जुन्या घरांच्या नावाने गळा काढणारा आर्किटेक्ट मला तितकाच अवघड वाटतो. सुतारबाबांच्या मुलाने शेजारी स्लॅबचं घर बांधलंय आणि त्याचं काही चुकलं नाही. माकडं कौलं फोडतात. कारवी तोडायला जंगलखात्याचा धाक. मे महिन्यात कौलं चाळायला जी चार माणसं लागत, ती आता कंपनीत पाळीवर असतात. पुण्यातली काही तरुण मंडळी कामशेतच्या बाजूला स्थानिक दगड, माती, चुना घेऊन गावच्या कारागिरांकडून घरं बांधतायत. कामं मन लावून केलेली आहेत. पण ती बहुतेक शनिवार-रविवारवाल्यांची. स्लॅबच्या घराला पश्चिमेची पडवी कशी जोडायची, दोन खोल्यांच्या बजेटात, हा प्रश्न सोडवणारं काम मी शोधतोय. तो सुटला तर मावळात एका पावसाळ्यात पसरेल.

ख्रिस्टोफर बेनिंजर यांनी टाकवे खुर्दला समुंद्रा ही सागरी प्रशिक्षणसंस्था उभी केली. तिच्या वर्कशॉपची सौरपट्ट्यांची लांबलचक भिंत विद्यार्थ्यांना दाखवण्याजोगी आहे. शेजारच्या मुळशीतलं त्यांचं महिंद्रा कॉलेज त्याहून सरस, तिथल्या दगडी भिंती डोंगराशी बोलतात. या दोन कामांच्या सहली निघतात. 'नासा'त, म्हणजे आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांच्या राष्ट्रीय संघटनेत, लुई कान ट्रॉफीसाठी गावंच्या गावं मोजून काढली जातात, मुलं टेप घेऊन पडव्यांतून रांगतात. रेखाटनं अप्रतिम असतात. स्पर्धा संपली की ती कॉलेजच्या कपाटात जातात. ज्याचं घर मोजलं त्याला झेरॉक्सही मिळत नाही. जुलै २०२५ मध्ये लोहगड युनेस्कोच्या यादीत गेला. आता चुन्याचं काम जाणणारे वडार आणि गवंडी लागतील, ते असे कपाटात सापडायचे नाहीत.

आणि हे सगळं इंग्रजीत. माधव आचवलांनी १९६१ मध्ये 'किमया' लिहिली, वास्तूबद्दल मराठीत इतकं नेमकं बोलता येतं हे दाखवून ठेवलं. त्यानंतर आमच्या पेशाने मराठी ठेवली ती साइटवर ओरडण्यापुरती.

पुरस्कारांचं एक गुपित सांगतो. मावळातल्या बंगल्यांचे फोटो ऑक्टोबर-नोव्हेंबरात काढतात. गवत हिरवं, आभाळ निळं, भिंती नुकत्या रंगवलेल्या. परीक्षक ते फोटो पुण्या-मुंबईत बसून बघतात. माझ्याही एका घराला असंच एक प्रशस्तिपत्र मिळालं. तेच ते, वळचण नसलेलं. म्हणून मी हल्ली सुचवत असतो की पुरस्कार पाचव्या वर्षी द्या आणि परीक्षकांना जुलैत पाठवा, रेनकोट घालून. प्रस्ताव हसून बाजूला ठेवला जातो.

त्या चर्चासत्राच्या दुसऱ्या दिवशी दुपारचं सत्र बुडवून मी त्या घराकडे गेलो. पाच वर्षांत पावसाळ्यात कधी गेलो नव्हतो. मालक मुंबईत. फाटकातूनच निळं दिसलं. पश्चिमेची अख्खी बाजू ताडपत्रीने झाकलेली, वर छपरापासून खाली दगड ठेवून ताणलेली, माझ्या स्टीलच्या खांबांना नायलॉनच्या दोरीने बांधलेली. खाली दीड-दोन हातांची कोरडी जागा तयार झाली होती. तिथे राखणदाराने सरपण रचलं होतं, एक खाट टाकली होती, आणि वाळत घातलेल्या कपड्यांखाली कुत्रं झोपलं होतं. मी कॅमेरा काढला तसा राखणदार लगबगीने उठला.

"साहेब, फोटोला ताडपत्री काढू का?"