‘पोटखराबा’ : पनवेलच्या मोजणी-दप्तराच्या भाषेची चिकित्सा

महसुली दप्तराची गणना कोणी वाङ्मयात करीत नाही. तथापि ज्या लेखनाने एखाद्या प्रदेशाकडे पाहण्याची दृष्टी अनेक पिढ्या घडविली, त्याच्या भाषेची चिकित्सा अप्रस्तुत मानण्याचे कारण नाही. पनवेलच्या खाडीकाठच्या गावांचे नकाशे आणि सातबाराचे उतारे हे असेच लेखन होय.

या लेखनाची पद्धती पनवेलची नव्हे. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी 1836 च्या सुमारास इंदापूर तालुक्यात ती प्रथम अमलात आणली आणि 1847 च्या संयुक्त अहवालाने तिला नियमबद्ध रूप दिले. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे. एका साखळीचा चौरस तो गुंठा आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. मातीची खोली, पोत व दोष पाहून जमिनीची प्रत आण्यांत ठरविली जाई. या पद्धतीचा गुण नाकारता येत नाही. शेताची हद्द व आकार निश्चित झाल्यामुळे सारा केवळ अधिकाऱ्याच्या मर्जीवर राहिला नाही.

परंतु इंदापूर हा अवर्षणग्रस्त, माळरानाचा मुलूख. तेथे हद्दीचा दगड रोवला की तो जागीच राहतो. पनवेलची गोष्ट निराळी. माथेरानच्या डोंगरात उगम पावलेली गाढी येथे भरतीच्या पाण्याला सामोरी जाते. खाडीकाठची खारी भातशेती मातीइतकीच बांधावर अवलंबून असते. ओहोटीला उघाडीतून पावसाचे पाणी बाहेर जावे आणि भरतीला तिचे दार मिटावे, या नित्य व्यापारावर पीक उभे राहते. बांधाला खांड पडली की शेताचे पुन्हा खाजण होते. ज्यांनी अशी जमीन समुद्रापासून सोडविली, त्यांच्याशी झालेल्या शिलोत्री करारांत बांध राखण्याच्या कर्तव्याला स्थान होते. म्हणजे जमीन ही केवळ वस्तू नसून सतत करावयाचे कर्म आहे, ही जाणीव त्या व्यवस्थेत होती.

मोजणीच्या भाषेत हे कर्म मावले नाही. सर्व्हे नंबराच्या पोटातील जो भाग लागवडीस अयोग्य अथवा आकारणीबाहेर, तो ‘पोटखराबा’ म्हणून वेगळा काढावयाचा, असा तिचा दंडक आहे. याचे दोन वर्ग आहेत. ‘अ’ वर्गात लागवडीस अयोग्य जागा येते. ‘ब’ वर्गात रस्ता, स्मशान यांच्याबरोबर इतरांच्या उपयोगातील तळे किंवा ओहोळही येतो. दुसऱ्या वर्गाने पाण्याची दखल घेतली आहे, हे मान्य केले पाहिजे. मात्र ती दखल पाणी कोण वापरतो एवढ्यापुरतीच. ते कोठून येते, भरतीच्या वेळी कोठे साठते आणि वाट अडली तर कोणाच्या घरात शिरते, हे सांगणारा रकाना उताऱ्यात नाही. खाजण आणि तिवरांचे रान तर बहुधा या नंबरांच्याही बाहेर राहिले. जे आकारणीस निरुपयोगी, ते ‘खराब’; आणि जे खराब, ते रिकामे, असा अर्थविस्तार पुढे सहज घडून आला.

त्याचे परिणाम शब्दापुरते राहिले नाहीत. 1970 मध्ये नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात पाच जणांनी प्राण गमावले. पुढे संपादित क्षेत्राच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याचे तत्त्व मान्य झाले. हा विजय मोठा होता, आणि त्याला आधारही उताऱ्यातील क्षेत्राचाच होता. पण क्षेत्रावर आधारलेल्या न्यायात, ज्याची उपजीविका खाडीच्या पाण्यावर होती आणि ज्याच्या नावे एकही गुंठा नव्हता, त्याचा हिस्सा कशाने मोजावयाचा? नंतर 1160 हेक्टरांच्या विमानतळासाठी उलव्याची सुमारे 90 मीटर उंचीची टेकडी फोडण्यात आली, सखल जमिनीवर भराव पडला आणि उलवे नदीचे पात्र वळविण्यात आले. 8 ऑक्टोबर 2025 रोजी त्याचे उद्घाटन झाले. नकाशावरील रेषा सरकविता येते. पावसाळी पाण्याचे आकारमान मात्र त्यामुळे घटत नाही.

1991 च्या किनारा नियमन अधिसूचनेने भरतीरेषेला कायद्यात स्थान दिले आणि 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिवरांच्या तोडीस मनाई केली. पाण्याने आखलेली रेषा माणसाच्या दप्तरात उतरली, ही सुधारणा लहान नव्हे. तरीही ती निषेधाची रेषा आहे. सातबाराच्या मूळ व्याकरणाला तिचा स्पर्श झालेला नाही. उघाडी, खांड, खाजण हे शब्द शेतकऱ्याच्या बोलीत अर्थपूर्ण आहेत, कारण त्यांत पाण्याची गती सामावलेली आहे. मोजणीचे दप्तर जोवर या बोलीकडून काही शिकत नाही, तोवर पाण्याच्या जागेला ते खराबाच म्हणत राहील, आणि त्या चुकीची आकारणी पाणीच करील.