गृहविज्ञान : एका व्यवसायाच्या नामकरणाची चिकित्सा

परतूरहून मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गाने पूर्वेकडे निघाले म्हणजे सेलू आणि मानवत रोड ही स्थानके मागे टाकून परभणीस पोहोचता येते. तेथील कृषी विद्यापीठात 1976 साली गृहविज्ञान महाविद्यालय सुरू झाले. परतूर तालुका 1981 पर्यंत परभणी जिल्ह्यातच होता. तेव्हा हे महाविद्यालय आरंभी आमच्याच जिल्ह्यातील होते असे म्हणावयास हरकत नाही. आता त्याचे नाव सामुदायिक विज्ञान महाविद्यालय असे आहे. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या पाचव्या अधिष्ठाता समितीने पदवीचे नाव बदलण्याची शिफारस केली आणि 2017 नंतर देशभरच्या कृषी विद्यापीठांतून ‘गृह’ हे पद मागे पडत गेले. विषय बव्हंशी तेच राहिले : आहार, वस्त्र, बालविकास, गृहव्यवस्थापन, विस्तारशिक्षण. या बदलाचा भाषिक अंगाने विचार करणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू होय.

नावाविषयीची ही अस्वस्थता आपलीच आहे असे नव्हे. अमेरिकेत 1899 साली लेक प्लॅसिड येथे या विषयाच्या अभ्यासकांची पहिली परिषद भरली, तेव्हाही नाव काय असावे हा वाद झाला आणि ‘होम इकॉनॉमिक्स’ हे नाव पत्करले गेले. रसायनशास्त्रज्ञ एलन रिचर्ड्स यांच्या अध्यक्षतेखाली 1909 मध्ये स्थापन झालेल्या तेथील राष्ट्रीय संघटनेने ते नाव सुमारे पंच्याऐंशी वर्षे वागविले आणि 1994 मध्ये टाकून दिले. त्याजागी ‘कुटुंब व उपभोक्ता विज्ञाने’ अशा अर्थाचे नाव आले. उलट 1908 साली स्वित्झर्लंडमधील फ्रिबुर येथे जन्मलेल्या आंतरराष्ट्रीय महासंघाने जुनेच नाव राखले आहे. बडोद्याच्या विद्यापीठात हंसा मेहता कुलगुरू असताना 1950 मध्ये स्थापन झालेली गृहविज्ञान विद्याशाखा आता कुटुंब व समुदाय विज्ञानांची झाली आहे. अखिल भारतीय संघटना मात्र ‘होम सायन्स’ याच नावाने चालते. एकाच व्यवसायाच्या संस्था आणि संघटना परस्परांस निरनिराळ्या नावांनी ओळखतात, ही स्थिती काही समाधानाची नव्हे.

मराठीत तर घोटाळा अधिकच आहे. विदर्भातील विद्यापीठांतून ‘गृहअर्थशास्त्र’ रूढ आहे, मराठवाड्यात आणि मुंबई-पुण्याकडे ‘गृहविज्ञान’. ‘गृहअर्थशास्त्र’ या शब्दात संधी टाळलेला आहे हे लक्षात घेण्याजोगे आहे. ‘गृहार्थशास्त्र’ म्हटले तर ऐकणारास ‘गूढार्थ’ ऐकू येण्याचा धोका होताच! पण खरी अडचण संधीची नसून अर्थाची आहे. ‘इकॉनॉमी’ या शब्दाच्या पोटात ग्रीक ‘ओइकोस’, म्हणजे घर, मुळातच बसलेले आहे. राष्ट्राचा कारभार हा त्याचा नंतरचा विस्तार. आपल्याकडील ‘अर्थशास्त्र’ कौटिल्यापासून राज्याचे. त्यास ‘गृह’ जोडल्याने घरखर्चाचा जमाखर्च एवढाच बोध होतो. आणि एकटे ‘गृह’ म्हणाल, तर शासनव्यवहारात त्याचा अर्थ पोलीस असा आहे.

‘गृहविज्ञान’ हा शब्द मला त्याहून उजवा वाटतो, आणि त्याचे कारण आपल्याच परंपरेत आहे. ज्ञानेश्वरीच्या सातव्या अध्यायात विज्ञान म्हणजे प्रपंचाचे ज्ञान असा उलगडा आहे. तेथील प्रपंच तात्त्विक, दृश्य जगाचा, हे खरे. परंतु मराठी माणसाने त्याच शब्दाने संसाराचाही निर्देश केला. आमच्या शेजारच्या घनसावंगी तालुक्यातील जांब हे ज्यांचे जन्मग्राम, त्या समर्थ रामदासांनी दासबोधाच्या बाराव्या दशकाच्या आरंभीच प्रपंच व्यवस्थित करण्याचा उपदेश केला आहे. म्हणजे घर हा विचाराचा विषय होऊ शकतो, ही कल्पना मराठीस उसनी आणावी लागली नाही.

‘गृह’ काढून टाकणारांची बाजू अगदीच पोकळ आहे असे नाही. हे पद स्त्रीला घरात कोंडते, हा आक्षेप जुना आणि सकारण आहे. महर्षी कर्वे यांनी जपानच्या महिला विद्यापीठाची माहिती वाचून 1916 साली महिला विद्यापीठ काढले, तेव्हा गृहोपयोगी विषय अभ्यासक्रमात आले ते स्त्रीचे निराळे कर्तव्य म्हणूनच. अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन पुण्यास 1927 मध्ये भरले आणि तिच्याच प्रयत्नांतून दिल्लीचे लेडी आयर्विन महाविद्यालय 1932 मध्ये उभे राहिले; तेथेही आदर्श गृहिणीची छाया होतीच. परंतु शब्द पुसल्याने काम पुसले जात नाही. 2019 च्या राष्ट्रीय कालवापर सर्वेक्षणानुसार बिनमोल घरकामात भाग घेणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी 299 मिनिटे देतात, पुरुष 97. आणि जनगणनेत केवळ घरकाम करणारी व्यक्ती काम न करणारांतच मोजली जाते. अशा वेळी त्या कामाचा अभ्यास करणाऱ्या एकमेव विद्याशाखेनेच घराचे नाव सोडावे, हे मला विपरीत वाटते. ‘सामुदायिक’ म्हटले की मराठी मनात विवाह आणि शेती येते, आहारशास्त्र येत नाही.

याहून मोठे उणे निराळेच आहे. वैद्यकाचा वैद्य होतो, अभियांत्रिकीचा अभियंता. गृहविज्ञानाच्या पदवीधरास मराठीत कर्तृवाचक नाम नाही. ‘गृहवैज्ञानिक’ कोणी म्हणत नाही आणि ‘गृहिणी’ने ती जागा आधीच व्यापलेली आहे. व्यावसायिक संघटनांनी प्रथम हे नाम घडवावयास हवे होते. त्यांनी परिभाषेकडेही दुर्लक्षच केले. पाठ्यपुस्तकांतून ‘अन्नाचे दूषितीकरण’ असा एकच संस्कृत गोळा आढळतो. घरोघरच्या बायका मात्र दूध नासले, भाजी विटली, पीठ आंबले, तेल वा खोबरे खवट झाले, भाकरीस बुरशी आली, असे नेमके सांगतात. येथे प्रत्येक क्रियापदामागे वेगळी रासायनिक वा जैविक घटना आहे. हे वर्गीकरण शास्त्रीय नव्हे काय? तसेच ‘आधण’ हा शब्द पाहावा. अन्न शिजविण्यासाठी उकळत ठेवलेले पाणी, एवढा सारा आशय त्यात आहे; ‘उत्कलन’ त्याची जागा घेऊ शकत नाही.

मापांच्या बाबतीतही हेच घडले. 1956 च्या कायद्यानंतर शेर आणि तोळे क्रमाने गेले, ग्रॅम आले. पण पुष्कळशा स्वयंपाकघरांतून तराजू नव्हता. तो प्रश्न सोडविला कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने, 1970 मध्ये, वाटी आणि चमचा ही मापे वापरून. महाविद्यालयीन शिक्षण न लाभलेल्या एका गृहिणीने केलेले हे प्रमाणीकरण आहे, आणि पाककृती सांगताना मराठी घरांतून आजही वाटीच पुढे येते. गृहविज्ञानाच्या मराठी अभ्यासक्रमात या ग्रंथाची चर्चा पाकपुस्तक म्हणून नव्हे, तर मापनपद्धती म्हणून व्हावयास हवी. परतूर ते परभणी या पट्ट्यातील स्वयंपाकघरांत मापटे, चिपटे, अधोली, पायली हे शब्द जाणणाऱ्या वृद्ध स्त्रिया अद्याप आहेत. त्यांच्याकडे वही घेऊन बसण्याचे काम भाषाशास्त्राच्या आणि गृहविज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी मिळून याच वर्षी हाती घेता येईल.